कुशीवर वळवताना

उताण्या पडलेल्या असताना आजींचं काही दुखत असेल असं कुणालाही वाटणार नाही. श्वास संथ, कपाळ सैल, नजर छताला. पुण्यातल्या एका शुश्रूषा केंद्रात सकाळी डायपर बदलायच्या वेळी मी सिस्टरांबरोबर खाटेपाशी उभी होते. त्यांनी वहीत आकडा टाकला, शून्य. मग मावशींनी आजींना उजव्या कुशीवर वळवलं. त्यासरशी भुवया आवळल्या, चेहरा पिळवटला, श्वास अडकून धाप लागल्यासारखा सुटला. गुडघे पोटाशी आले आणि डाव्या हाताने त्यांनी मावशींचं मनगट ढकललं. एकदा कण्हल्या. सिस्टर गालावरून हात फिरवत बोलत राहिल्या, तेव्हा कुठे जरा निवल्या. आता आकडा पडला सात.

हे आकडे वेदना मोजायच्या एका पट्टीवरचे, तिला ‘पेनॅड’ म्हणतात. स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यात पोचलेल्या, बोलणं गेलेल्या माणसांसाठी ती अमेरिकेत तयार झाली आणि 2003 साली प्रसिद्ध झाली. श्वास, तोंडातून निघणारा आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायचे. कागदावर हे दोन मिनिटांचं काम आहे. पण ते कधी करायचं, यावर सगळं अवलंबून असतं. पडलेल्या माणसाकडे दारातून बघून भरलेला तक्ता मला तरी निरुपयोगी वाटतो. दुखणं हालचालीत दिसतं, आणि डॉक्टरांची फेरी होते तेव्हा पेशंट बहुधा स्वच्छ चादरीवर निवांत असतो.

आजींविषयी रात्रपाळीचा शेरा होता, ‘मारकुट्या झाल्यात.’ घरच्यांनी झोपेच्या गोळीबद्दल विचारलंही होतं. त्यांचा दोष नाही. ओरडणं, ढकलणं, घास नाकारणं हे आजारामुळेच, असं सगळे धरून चालतात. गोळीने माणूस गप्प होतो, पट्टीवरचा आकडाही उतरतो. दुखणं जागच्या जागी राहतं.

सात म्हणजे मोठी वेदना, असंही सिस्टर लगेच म्हणाल्या नाहीत. थंडी, भीती, भूक, अनोळखी हातांचा संकोच, यांनीही चेहरा तसाच होतो. उलट पार्किन्सनसारख्या आजारात चेहरा इतका निर्विकार होतो की त्यावर काहीच उमटत नाही. म्हणून एका पेशंटचा आकडा दुसऱ्याशी ताडायचा नाही, त्याच माणसाच्या कालच्या आकड्याशी ताडायचा. आणि मग शोध घ्यायचा. सिस्टरांनी तोंडात बॅटरी मारून हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, शौच कधी झालं ते वहीत बघितलं, टाचा आणि माकडहाड तपासलं. तुंबलेली लघवी आणि खडा झालेला मळ हे नेहमीचे गुन्हेगार, पण इथे ते नव्हते. मग एकेक सांधा हळूच हलवला: बोटं उघडली, गुडघे वाकवले, हात डोक्याकडे नेले. उजवा हात खांद्याच्या वर जायला लागला आणि तोच पिळवटलेला चेहरा पुन्हा दिसला. उजव्या कुशीवर वळवलं की सगळा भार त्या खांद्यावर येत होता.

डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिली, पण वेळा बांधून. सकाळची गोळी आंघोळीच्या तासभर आधी. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर वेदनाशामकापुढे सर्रास ‘एसओएस’ असतं, म्हणजे लागेल तेव्हा. जिला मागताच येत नाही, तिला ते कधी लागणार? अशी गोळी पाकिटातच राहते. नॉर्वेतल्या 18 नर्सिंग होममध्ये 352 पेशंटांवर झालेला अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. चिडचिड आणि अस्वस्थता असलेल्या या माणसांपैकी निम्म्या गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामकं दिली. बहुतेकांचं काम पॅरासिटामॉलवरच भागलं, आणि त्या गटातली अस्वस्थता दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाली.

आजींचा आकडा पुढे वळवताना तीनवर आला. शून्यावर आला नाही. मावशी आता त्यांना डाव्या कुशीवर घेतात आणि उजव्या हाताखाली उशी ठेवतात. सदऱ्याची उजवी बाही आधी चढवायची, म्हणजे हात फार उचलावा लागत नाही. ही युक्ती मावशींचीच, ती कुठल्या तक्त्यात नाही. मात्र वहीत शेरा लिहायची मुभा मावशींना नाही. मला हे अजब वाटतं, कारण आजींच्या अंगाला दिवसातून सर्वांत जास्त वेळा हात त्यांचाच लागतो.

तुमच्या घरी असं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी आंघोळ घालणाऱ्या बाईंना विचारा: कोणत्या बाजूला वळवताना अंग आखडतं, कुठे हात लावू देत नाहीत, हे कधीपासून? आणि ते उत्तर झोपेच्या गोळीचा विषय निघण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.