जुन्या चित्रकथांचे मोल

संग्रहाची आवड मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. कोणी नाणी जमवितो, कोणी पोस्टाची तिकिटे, कोणी शंखशिंपले, तर कोणी जुनी हस्तलिखिते. संग्राहकांच्या या पंक्तीत गेल्या पन्नास-साठ वर्षांत आणखी एक वर्ग येऊन बसला आहे. तो म्हणजे जुन्या चित्रकथांचा, अर्थात कॉमिक्सचा, संग्रह करणाऱ्यांचा. जी पातळ, रंगीबेरंगी व स्वस्त पुस्तके वडीलधाऱ्यांनी मुलांच्या हातून काढून घ्यावीत आणि रद्दीत टाकावीत, त्यांपैकी काहींना आज एखाद्या वाड्याहूनही अधिक किंमत येते, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. हे कसे घडले, ही किंमत कशावरून ठरते, आणि ती मिळेल या आशेने चित्रकथा विकत घेणे कितपत शहाणपणाचे आहे, याचा विचार आपण या पाठात करू.

या छंदाचे माहेरघर अमेरिका होय. १९३८ सालच्या एप्रिल महिन्यात तेथे ‘ॲक्शन कॉमिक्स’ या मासिकाचा पहिला अंक विक्रीस आला. त्याची किंमत अवघी दहा सेंट होती. निळ्या वेषातील एक वीर हिरवी मोटारगाडी दोन्ही हातांनी उचलून खडकावर आपटीत आहे, असे त्याच्या मुखपृष्ठावरील चित्र होते. हाच तो सुपरमॅन. जेरी सीगल हे त्याचे लेखक व ज्यो शुस्टर हे चित्रकार. दोघेही क्लीव्हलंड शहरात राहणारे, पंचविशीच्या आतले तरुण होते. त्यांनी आपल्या मानसपुत्राचे सर्व हक्क प्रकाशकाला १३० डॉलरना विकून टाकले. या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या गेल्या. त्यांपैकी आज शंभराच्या आसपास प्रती शिल्लक असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्यांतील एक प्रत २०१४ साली ३२ लाख डॉलरना, तर दुसरी एक प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरना लिलावात विकली गेली.

मग उरलेल्या प्रती गेल्या कोठे? त्यांचा शेवट अगदी साधा झाला. मुलांनी त्या वाचल्या, मित्रांना दिल्या, गुंडाळी करून खिशात कोंबल्या आणि अखेरीस फाडून टाकल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कागदाची टंचाई निर्माण झाली. त्या वेळी घरोघरी हिंडून रद्दी गोळा करण्याची मोहीम निघाली व मुलांनी देशकार्य म्हणून आपले अंक आनंदाने देऊन टाकले. युद्ध संपल्यावर निराळेच संकट आले. चित्रकथांमुळे मुले बिघडतात, अशी ओरड सुरू झाली. काही गावांतून त्यांच्या होळ्याही पेटल्या. १९५४ साली फ्रेडरिक वर्टहॅम या मनोविकारतज्ज्ञाने चित्रकथांवर कडक टीका करणारे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या एका समितीने या प्रश्नाची जाहीर चौकशी केली. अशा रीतीने जे अंक एके काळी लक्षावधी हातांत होते, ते पाहता पाहता दुर्मीळ झाले. ते जपून ठेवावेत असे त्या वेळी क्वचितच कोणाला वाटले. आणि हीच त्यांच्या आजच्या किंमतीमागील पहिली गोष्ट आहे.

तथापि केवळ दुर्मीळ असल्याने एखादी वस्तू मौल्यवान होत नाही. ती हवी असणारी माणसेही असावी लागतात. ज्या अंकात एखादा लोकप्रिय नायक प्रथम अवतरला, त्या अंकाला संग्राहक विशेष मान देतात. १९६२ सालच्या ऑगस्ट महिन्याचा ‘अमेझिंग फँटसी’ या मासिकाचा पंधरावा अंक हे याचे उत्तम उदाहरण आहे. ते मासिक बंदच होणार होते. जाता जाता प्रकाशकांनी त्याच्या शेवटच्या अंकात स्पायडरमॅन नावाच्या एका अपरिचित नायकाची कथा छापली. तो नायक पुढे जगप्रसिद्ध झाला. बारा सेंट किंमतीच्या त्या अंकाची एक उत्तम प्रत २०२१ साली ३६ लाख डॉलरना विकली गेली. त्या अंकावर आपल्या बालपणाचे काही क्षण घालविलेली पिढी मोठी झाली, तिच्या हाती पैसा आला, आणि हरवलेले बालपण विकत घेण्यासाठी ती पुढे सरसावली, असे म्हणावयास हरकत नाही.

दुर्मीळता व लोकप्रियता यांच्या जोडीला तिसरी गोष्ट लागते. ती म्हणजे अंकाची स्थिती. पूर्वी चित्रकथा अगदी हलक्या कागदावर छापल्या जात. हा कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो. त्यात कालांतराने आम्ल तयार होते आणि ऊन, उष्णता व दमट हवा यांच्यामुळे कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. कोपरे दुमडलेला, पाठीवरील तारेचे टाके गंजलेला अंक आणि छापखान्यातून नुकताच आल्यासारखा कोरा करकरीत अंक, यांच्या किंमतीत अनेक पटींचे अंतर पडते. फाटलेले पान चिकटपट्टीने जोडणे किंवा उडालेला रंग पुन्हा भरणे, यांनी किंमत वाढत नाही, उलट घटते. किंमतींविषयी काही शिस्त यावी म्हणून रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० साली एक दरपुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे २००० साली अंकाची तपासणी करून त्याला दहांपैकी गुण देणारी एक संस्था अमेरिकेत निघाली. तेथे तपासलेला अंक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून देतात. अशाने अंक सुरक्षित राहतो, हे खरे. परंतु पेटी फोडल्याशिवाय तो वाचता येत नाही. वाचण्यासाठी जन्मलेले पुस्तक केवळ पाहण्यापुरते उरावे, याची खंत अनेक रसिकांना वाटते.

उत्तम जतनाची एक कथा संग्राहकांच्या जगात फार प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात एडगर चर्च नावाचे एक चित्रकार राहत असत. टेलिफोनच्या सूचिपुस्तकातील जाहिरातींची चित्रे काढणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांना चित्रांची मनापासून ओढ असल्याने ते चित्रकथांचे अंक नियमाने विकत घेत व घरात एकावर एक नीट रचून ठेवीत. डेन्व्हर उंचावर वसलेले असून तेथील हवा कोरडी व थंड आहे. बंद खोलीत, अंधारात, दाबून ठेवलेले ते अंक वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहिले. १९७७ साली चक रोझान्स्की नावाच्या एका तरुण विक्रेत्याने हा संग्रह विकत घेतला, तेव्हा त्यात अठरा ते बावीस हजार अंक निघाले. ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंकही त्यात होता. जगातील सर्वांत नामांकित असा हा संग्रह ज्या गृहस्थाने केला, तो चित्रांवरील प्रेमामुळे केला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. जुन्या अंकांना मोठ्या किंमती येतात, अशा बातम्या वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या, तसे लोक नवे अंक धनलाभाच्या आशेने विकत घेऊ लागले. प्रकाशकांनीही ही नाडी ओळखली. एकाच अंकाची निरनिराळी मुखपृष्ठे काढावीत, त्यावर चकचकीत मुलामा द्यावा, ‘संग्राह्य अंक’ अशी जाहिरात करावी, असे प्रकार सुरू झाले. १९९१ साली ‘एक्स-मेन’ या मासिकाच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांसह बाजारात आल्या. १९९२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात सुपरमॅनच्या मृत्यूची कथा सांगणारा अंक काळ्या पिशवीत बंद करून विक्रीस ठेवला गेला, तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या. लोकांनी एकेका अंकाच्या पाच-पाच, दहा-दहा प्रती घेतल्या व न उघडताच कपाटात ठेवल्या. या प्रतींच्या विक्रीतून पुढे मुलांच्या शिक्षणाचा खर्च निघेल, अशी स्वप्ने काहींनी पाहिली.

ती स्वप्ने खरी झाली नाहीत. ज्या वस्तूच्या लक्षावधी प्रती लक्षावधी माणसांनी जिवापाड जपल्या आहेत, ती वस्तू दुर्मीळ होणार कशी? जो तो विकणारा. घेणारा कोणीच नाही. किंमती कोसळल्या, असंख्य दुकाने बंद पडली, आणि १९९६ सालच्या डिसेंबरमध्ये मार्व्हल या बलाढ्य प्रकाशनसंस्थेलाही दिवाळखोरी जाहीर करावी लागली. पुढे ती सावरली. परंतु त्या काळातील बहुतेक अंक आजही थोड्याशा डॉलरांत मिळतात. याउलट केव्हिन ईस्टमन व पीटर लेअर्ड या दोन तरुणांनी १९८४ साली स्वतःच्या खर्चाने काळ्यापांढऱ्या रंगात काढलेल्या ‘निंजा टर्टल्स’च्या पहिल्या अंकाच्या सुमारे तीन हजार प्रतीच निघाल्या होत्या. त्यांतील चांगल्या प्रतीला आज हजारो डॉलर पडतात. जाहिरातीने खप वाढविता येतो. दुर्मीळता निर्माण करता येत नाही, हा धडा या दोन उदाहरणांवरून मिळतो.

ज्यांना चित्रकथांत पैसा गुंतवावयाचा आहे, त्यांनी आणखीही काही गोष्टींचा विचार करावयास हवा. बँकेतील ठेवीवर व्याज मिळते. कपाटातील अंकावर काही मिळत नाही. विकावयाच्या वेळी योग्य गिऱ्हाईक भेटले तरच किंमत पदरात पडते आणि तीतूनही लिलाव करणाऱ्याची दलाली वजा होते. एखाद्या नायकावर चित्रपट निघणार असे कळताच त्याचे अंक महाग होतात, व चित्रपट पडला की तेच अंक पुन्हा स्वस्त होतात. फसवणुकीचेही भय असते. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाचे १९७४ साली मोठ्या आकारात पुनर्मुद्रण झाले. त्याचे बाहेरचे वेष्टन काढून टाकले म्हणजे तो अजाण माणसाला मूळ अंकच वाटतो. ज्याला अंकाचे खरे माप ठाऊक आहे, तो मात्र फसत नाही. ज्ञान हेच संग्राहकाचे खरे भांडवल होय.

आपल्या देशातही या छंदाला जागा आहे. मुंबईहून १९६४ सालच्या मार्च महिन्यात ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघू लागले. त्यातील वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांनी मराठी मुलांनाही वेड लावले. १९७६ साली आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा भारतीय नायक त्यांत येऊन दाखल झाला. १९९० साली ही माला बंद पडली. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ने तर पुराणे व इतिहास मराठीसह अनेक भाषांतून घरोघरी पोहोचविला. आपल्याकडेही या अंकांची वाट रद्दीच्या दुकानाकडेच गेली. जे घरात राहिले, त्यांना पावसाळ्यातील ओल, कसर व वाळवी यांनी गाठले. म्हणून तुमच्या घरी माळ्यावर असे जुने अंक सापडले, तर ते ओल नसलेल्या, अंधाऱ्या व थंड जागी उभे ठेवावेत. स्वच्छ, कोरड्या हातांनी हाताळावेत. आणि त्यांवर नाव घालण्याचा वा चिकटपट्टी लावण्याचा मोह टाळावा. त्यांना मोठी किंमत येईल की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु आपले आजोबा किंवा आई लहानपणी काय वाचीत होती, हे तरी त्यांवरून कळेल.

शेवटी सुपरमॅनच्या जनकांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. सीगल व शुस्टर यांना पुढे हलाखीचे दिवस काढावे लागले. बऱ्याच झगड्यानंतर १९७५ साली त्यांना वार्षिक वेतन मिळू लागले आणि सुपरमॅनच्या कथांवर त्यांची नावे पुन्हा झळकली. ज्या धनादेशाने त्यांना ते १३० डॉलर मिळाले, तो जुना कागदच २०१२ साली १ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला. तो पाहण्यास त्या दोघांपैकी कोणीही हयात नव्हते. बाजारातील किंमत ही अशी उशिरा येते आणि पुष्कळदा भलत्याच्याच हाती पडते. कथा वाचताना होणारा आनंद मात्र वाचकाला तत्काळ मिळतो. म्हणून संग्रह करावयाचा तो आवडीने करावा, समजून करावा आणि जपून करावा. त्यातून धन मिळाले तर ते भाग्य समजावे. न मिळाले तरी ज्याने मनापासून वाचले, त्याचे काहीच बुडत नाही.

स्वाध्याय

१. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या बहुतेक प्रती कशा नाहीशा झाल्या?
२. जुन्या अंकाची किंमत कोणत्या तीन गोष्टींवर अवलंबून असते? प्रत्येकीचे एक उदाहरण द्या.
३. एडगर चर्च यांचा संग्रह आणि १९९२ सालच्या सुमारास लोकांनी केलेला संग्रह यांत कोणता फरक आहे?
४. तुमच्या घरातील सर्वांत जुने पुस्तक किंवा मासिक शोधा व त्याच्या स्थितीविषयी दहा ओळी लिहा.