दोन गांधारांचा मेळ

सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या चादरीच्या दुकानात घटकाभर उभे राहिले, म्हणजे मालक कारागिराशी तेलुगूत, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये आणि आपल्याशी मराठीत बोलतो, इतकेच नव्हे तर एकाच वाक्यात या तिन्ही भाषांचे शब्द सहजगत्या पेरतो, असे ध्यानी येते. आणि तरीही ते वाक्य विस्कळीत होत नाही, कारण त्याचे क्रियापद कोणत्या भाषेचे असावयाचे, हे त्याच्या मनात आधीच मुक्रर असते. जॅझ-फंक शैलीने गिटारवर उत्स्फूर्त वादन करू इच्छिणाऱ्यास निरनिराळ्या स्वरपंक्तींचे मिश्रण समजावताना मला हाच दाखला सर्वांत जवळचा वाटतो.

जेम्स ब्राऊन यांच्या फंकमध्ये पहिल्या मात्रेवर पडणारा जोर आपल्या समेची आठवण करून देतो, आणि साथ तर एकदोन कॉर्डांवरच दीर्घकाळ घोळत राहते. हर्बी हॅनकॉक यांच्या १९७३ च्या 'हेड हंटर्स' या ध्वनिमुद्रिकेतील 'कमीलियन' ऐकावे. भूमी अशी स्थिर असल्यामुळे वैचित्र्याचा सारा भार वादकावर येतो.

समजा, पांढरी सहाचा षड्ज धरून सेव्हन्थ कॉर्ड वाजत आहे. तिच्यात गांधार शुद्ध व निषाद कोमल असल्याने खमाज थाटाचे स्वर, ज्यांना पाश्चात्त्य मिक्सोलिडियन म्हणतात, तिच्याशी निर्वेध जुळतात. परंतु ब्लूजमधून आलेली पंचस्वरी, म्हणजे आपल्या धानीचे सा, ग, म, प, नि, कोमल गांधार घेऊन येते, आणि मामला येथेच रंगतो. तिसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर तर्जनीने कोमल गांधार छेडावा आणि तार पुन्हा न छेडता मध्यमा सहाव्या पडद्यावर आदळून शुद्ध गांधार उमटवावा: क्षणभर जो सल जाणवतो आणि लगेच निवळतो, तोच या शैलीचा प्राण आहे. जोगातही दोन्ही गांधार नांदतात. पण तेथे आरोहात शुद्ध, अवरोहात कोमल असा दस्तूर आहे, तर येथे कोमल स्वर शुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन त्यात विरतो.

नवशिका चार आवर्तने एक पंक्ती व चार आवर्तने दुसरी वाजवतो; त्याला मी मिश्रण म्हणणार नाही. त्या दुकानदाराच्या भाषांप्रमाणे दोन्ही पंक्ती एकाच वाक्यात याव्यात.

मुंबईत १९३६ साली जन्मलेले गोवेकर वंशाचे गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांनी लंडनमध्ये १९६९ साली 'इंटिग्रेशन' आणि जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासमवेत 'हम दोनो' या ध्वनिमुद्रिका केल्या. त्या फंक नव्हेत, पण जॅझची चाल आणि भारतीय स्वरांची वळणे एकाच हातातून किती निःसंकोच निघू शकतात, हे त्यांत मनापासून ऐकण्याजोगे आहे.

शिकणाऱ्याने पहिला आठवडा तीनच स्वरांना द्यावा: चौथ्या तारेच्या सातव्या पडद्यावर अनामिकेखाली षड्ज, आणि ते दोन गांधार. साथीची एकच कॉर्ड चालू ठेवून, दर समेला षड्जावर परतून, मधल्या अवकाशात त्या दोन पडद्यांवरच जितके बोलता येईल तितके बोलावे. धैवत आणि तीव्र मध्यम यांची पाळी त्यानंतर.