फागेरटॅर्नचे आरक्त कुमुद

तांबडी कुमुदे ज्यांच्या नित्य परिचयाची, त्यांना अशा फुलासाठी मनाईहुकूम निघावा याचे नवल वाटेल. परंतु उत्तर युरोपच्या ज्या मुलखात हिवाळ्यात तळी गोठतात, आणि उष्ण प्रदेशातील तांबडी कुमुदे तग धरीत नाहीत, तेथे कुमुद म्हणजे शुभ्र फूल, असाच निसर्गाचा शिरस्ता होता. या शिरस्त्याला स्वीडनमधील टिवेडेनच्या अरण्यातील फागेरटॅर्न नावाच्या लहानशा सरोवराने अपवाद दाखविला.

येथील कुमुद ही स्वतंत्र जाती नव्हे. युरोपात सर्वत्र आढळणाऱ्या श्वेत कुमुदाचाच, निम्फिया अल्बाचाच, तो आरक्त प्रकार होय. त्याची रचनाही त्या कुळाला साजेशीच. बाहेर चार हिरवट निदले, आत पाकळ्यांची मंडले. आणि त्या पाकळ्या मध्याकडे जाताना उत्तरोत्तर अरुंद होत पुंकेसरांचे रूप घेत असल्यामुळे, पाकळी कोठे संपली व केसर कोठे सुरू झाला, हे निश्चित सांगणे कठीण. फूल प्रथम उमलते तेव्हा मधल्या खोलगट भागात द्रव साचलेला असतो व ते परागांचा केवळ स्वीकार करते. पराग देण्याची पाळी मागाहून येते. पुढे फळ पाण्याखाली पिकते, आणि त्यातून सुटलेले बी आपल्या हवादार वेष्टनाच्या आधारे काही काळ तरंगून तळाशी बसते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या फुलाचा बोभाटा झाला, आणि हौशी मंडळी व व्यापारी यांनी गड्डे उपटून नेण्याचा असा सपाटा लावला की अखेर १९०५ साली त्याला सरकारी संरक्षण द्यावे लागले. मात्र त्याचा रंग तोवर दूरवर पोहोचला होता. फ्रान्समधील जोसेफ बोरी लातुर-मार्लियाक यांनी थंडीत टिकणारी रंगीत कुमुदे संकराने सिद्ध करून १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. त्यांतील तांबड्या वाणांच्या वंशावळीत या स्वीडिश कुमुदाचा अंश असल्याचे मानले जाते. चित्रकार क्लोद मोने यांनी जिव्हेर्नीच्या आपल्या तळ्यासाठी याच मार्लियाकांकडून रोपे मागविली.

आज असे वाण कोणत्याही रोपवाटिकेत मिळतात, म्हणून मूळ फुलाची चिंता संपली असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. कारण ते संकर बहुधा वांझ, गड्डा तोडून वाढविलेले, आणि म्हणून एका वाणाची सारी रोपे एकाच रोपाच्या प्रती असतात. बियांतून प्रत्येक पिढीत नवा फरक दाखविण्याची शक्ती त्या सरोवरातल्या रानटी वंशापाशीच असल्यामुळे, बाजारातील सुबत्तेने त्या संरक्षणाची गरज तिळमात्र कमी होत नाही.