हबशी, सिद्दी, मलिकंबरी : मराठी वाङ्मयपरंपरेतील आफ्रिकी माणूस

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे स्थान पाहता मराठी इतिहासाच्या दोन दिशा तेथे एकत्र येतात. पौड खोऱ्यातून पूर्वेकडे उतरणारी वाट पुण्याला जाते, तर ताम्हिणीसारख्या घाटाने पश्चिमेकडे उतरणारी वाट माणगावमार्गे कोकणात जाते. कोरीगड आणि घनगड हे किल्ले याच सह्याद्रीच्या माथ्यावर उभे आहेत. सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात या दोन्ही दिशांना, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेल्या माणसांनी उभारलेली सत्ता होती. पूर्वेस निजामशाहीचा कारभार मलिक अंबर चालवीत होता. पश्चिमेस समुद्रात दंडा-राजपुरीजवळचा जंजिरा सिद्द्यांच्या हाती होता.

मराठी लेखनाने या दोन सत्तांची नोंद दोन निराळ्या रीतींनी केली. कथनपर वाङ्मयात, म्हणजे बखर, पोवाडा आणि पुढे ऐतिहासिक कादंबरी यांत, आफ्रिकी माणूस मुख्यतः 'सिद्दी' म्हणजे शत्रू म्हणून आला. महसुली कागदपत्रांत मात्र तो 'मलिकंबरी' या शब्दाच्या रूपाने व्यवस्थेचे एक माप ठरला. वाङ्मयाच्या अभ्यासात पहिली नोंदच प्रमाण मानली गेली आणि दुसरी इतिहासकारांच्या दप्तरात राहिली. या विभागणीमुळे मराठी वाचकाच्या मनातील आफ्रिकी माणसाची प्रतिमा एकांगी कशी झाली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शब्द आणि नावे

'हबशी' हा शब्द 'हबश' या अबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, अरबी नावावरून आला. 'सिद्दी' या शब्दाचे मूळ 'माझा धनी' अशा अर्थाच्या अरबी संबोधनात आहे, असे सामान्यतः मानले जाते. जंजिऱ्याच्या मुलखाला मराठी कागदपत्रांत 'हबसाण' म्हटले जाई. म्हणजे मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन या कोकणी परिसराला मराठीने आफ्रिकेतील एका देशाचे नाव दिले होते. पहिल्या शब्दात वंश आहे, दुसऱ्यात आदर आहे, तिसऱ्यात भूमी आहे. पुढील काळात मात्र 'हबशी' या शब्दातील देशवाचक अर्थ मागे पडून काळ्या वर्णाची हेटाळणी तेवढी बोलीत शिल्लक राहिली.

व्यक्तिनामांचा विचारही उद्बोधक आहे. अंबर हे सुगंधी द्रव्याचे नाव, याकूत हे माणकाचे, जौहर हे रत्नाचे. बाजारात विकत घेतलेल्या मुलाचे मूळ नाव पुसून त्याला मौल्यवान वस्तूचे नाव देण्याची ही रीत होती. मलिक अंबराचे मूळ नाव चापू असल्याचे इतिहासकार सांगतात. इ. स. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेल्या या मुलाची विक्री एकाहून अधिक वेळा झाली. बगदादच्या मीर कासीम या व्यापाऱ्याने त्याला 'अंबर' हे नाव व शिक्षण दिले, आणि दख्खनेत आल्यावर निजामशाहीचा वजीर चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखान स्वतः हबशीच होता. दख्खनच्या राज्यव्यवस्थेत गुलामाला वजिरीपर्यंत पोहोचता येत असे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

नाव ते विशेषण

1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. निजामशाही संपल्यात जमा असताना मलिक अंबराने परांड्यास मूर्तजा निजामशहास गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले. 1607 च्या सुमारास राजधानी जुन्नरला आली, म्हणजे काही काळ हे राज्य आजच्या पुणे जिल्ह्यातूनच चालत होते. 1610 मध्ये त्याने खडकी हे नगर वसविले आणि भूमिगत नहरींतून तेथे पाणी आणले. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात अंबराचा उल्लेख वर्णावरून हिणवून केला आहे. अंबराच्या छिन्न मस्तकावर बाण सोडणारा जहांगीर, असे चित्रही अबुल हसनने काढले. ते मस्तक जहांगिराला चित्रातच मिळाले. 1626 मध्ये मलिक अंबर सत्तेवर असतानाच वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे.

मराठी भाषेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व लढायांपेक्षा जमीनधाऱ्यात अधिक आहे. ग्रांट डफने आपल्या 1826 च्या इतिहासात या धाऱ्याचे वर्णन केले आहे. अंबराने महसूल मक्त्याने देण्याची पद्धत बंद केली, मोडकळीस आलेली गावकी सावरली, आणि प्रत्यक्ष पिकाचा ठराविक अंश प्रथम धान्यरूपाने व काही हंगामांनंतर रोख रकमेत घेण्यास आरंभ केला. हा अंश पिकाच्या दोन पंचमांश होता. रोखीत तो सुमारे एक तृतीयांश पडे, अशी परंपरा डफने नोंदविली आहे. हे प्रमाण आजच्या दृष्टीने हलके नाही. तथापि मक्तेदाराच्या मनमानीच्या तुलनेत ठरलेला आणि पिकाप्रमाणे बदलणारा धारा रयतेला आधार वाटला, यात नवल नाही. दादोजी कोंडदेवाच्या काळात पुणे जहागिरीत जी लावणी झाली, तिनेही मलिकंबरी पद्धतीचाच आधार घेतला, असे इतिहासलेखनात मानले गेले आहे.

येथे भाषेचे एक कार्य दिसते. 'मलिक' ही पदवी आणि 'अंबर' हे नाव मराठीच्या उच्चारात जोडले जाऊन 'मलिकंबर' झाले, त्याला ईकार लागून 'मलिकंबरी' हे विशेषण झाले. व्यक्तीचे नाव विशेषण होते तेव्हा ती व्यक्ती स्तुतीच्या वा निंदेच्या पलीकडे जाऊन व्यवहाराचे परिमाण बनते. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला कुणबी, पाटील आणि कुलकर्णी यांच्या नित्याच्या बोलण्यात जागा मिळणे, हा एक प्रकारचा स्वीकारच होय. बखरकाराने ज्याची कथा सांगितली नाही, त्याचे नाव कारकुनाच्या लेखणीने टिकविले.

शत्रू कोण आणि कशामुळे?

बखरवाङ्मयातील सिद्दी हा जंजिऱ्याचा सिद्दी आहे. 1697 मध्ये लिहिलेल्या सभासद बखरीत त्याला घरातल्या उंदराची उपमा दिली आहे. ही उपमा बारकाईने पाहण्याजोगी आहे. तीत सिद्द्याच्या वर्णाचा वा वंशाचा निर्देश नाही. घराच्या आत राहून सतत नासधूस करणारा, पण हाती न लागणारा, एवढाच तिचा आशय आहे. जंजिरा मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही आणि सिद्द्यांचे संस्थान 1948 पर्यंत टिकले, हे लक्षात घेता उपमेतील चिडचीड राजकीय आहे हे स्पष्ट होते. अठराव्या शतकात ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारात सिद्दी साताविषयीचा रोष येतो, त्यामागे चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाचा 1727 मधील विध्वंस आहे. 1736 मध्ये चिमाजी अप्पाने सिद्दी सातास रणात मारले. तेथेही कारण विशिष्ट कृत्याचे आहे, जातीचे नाही.

याच काळातील कवींद्र परमानंदाचे संस्कृत 'शिवभारत' पाहिले की चित्र आणखी बदलते. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजी राजे मलिक अंबराच्या बाजूने मोगल व आदिलशाही फौजांशी लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले. शिवचरित्र सांगण्यास निघालेल्या या कवीने अंबराचा पराक्रम आदराने उल्लेखिला आहे. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी शिवाजी महाराजांसोबत जे निवडक दहा जण होते, त्यांत सिद्दी इब्राहीम होता. 1660 मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असतो. परंतु तो वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरासमवेत चालून गेलेला सिद्दी हिलाल आणि त्या झुंजीत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडलेला त्याचा मुलगा वाहवाह हे फारसे कोणाला ठाऊक नसतात. पन्हाळ्याच्या वेढ्यात दोन्ही बाजूंना सिद्दी होते. कथेच्या सोयीसाठी त्यांतील एकच बाजू लक्षात राहिली. वर्णाला क्रौर्याची खूण बनविणारी विशेषणे बखरीपेक्षा आधुनिक ऐतिहासिक कथनात अधिक आढळतात. त्यांचे मूळ जुन्या मराठीत शोधणे योग्य ठरणार नाही.

सागरापलीकडचे बंधू

आधुनिक मराठी वाङ्मयात आफ्रिकी माणूस पुन्हा आला तो अमेरिकेच्या वाटेने. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ, निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या कार्याबद्दल अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि काळ्या गुलामांची स्थिती यांतील नाते मराठीत इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी मांडले गेले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार केला. पुढे म. ना. वानखडे यांनी अमेरिकेतील निग्रो साहित्याचा दाखला दलित लेखकांपुढे ठेवला. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने त्या चर्चेला व्यासपीठ दिले. जनार्दन वाघमारे यांचा 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ 1978 मध्ये आला. 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले.

या चर्चेचे एक प्रमुख केंद्र औरंगाबाद, म्हणजे 2023 पासूनचे छत्रपती संभाजीनगर, येथे होते. मिलिंद महाविद्यालय याच शहरात आहे. हे शहर म्हणजे मलिक अंबराने वसविलेली खडकीच होय. जेथे अटलांटिकपलीकडच्या काळ्या लेखकांशी नाते जोडले गेले, ते नगर गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या एका आफ्रिकी माणसाने वसविले होते. या योगायोगाकडे वाङ्मयचर्चेचे लक्ष फारसे गेले नाही. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. दलित लेखकांना अमेरिकेतील निग्रो साहित्यात शोषिताचा स्वतःचा आवाज ऐकू येत होता. मलिक अंबर हा राज्यकर्ता होता आणि त्याने स्वतःविषयी काहीही लिहून ठेवले नाही. तरीही गुलामगिरीतून वर आलेल्या माणसाने रयतेसाठी ठरलेला धारा आणला, ही घटना त्या परंपरेच्या बाहेरची मानता येत नाही.

मुळशीच्या परिसरातही अशीच एक पायरी गाळली गेलेली दिसते. 1921 ते 1924 या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा त्यांच्या जमिनीवरील हक्काचे नाते शिवाजी महाराजांच्या मावळ्यांशी जोडले गेले. ते नाते प्रेरक होते. परंतु पुणे प्रांतातील गावकी आणि धाऱ्याची घडी शिवकालाच्या एक पिढी आधी हबशी वजिराच्या कारभारात बसली होती, या गोष्टीला लोकस्मृतीत जागा उरली नव्हती.

अध्यापनाचा प्रश्न

सभासद बखर पदव्युत्तर वर्गात शिकविताना सिद्द्याची उपमा सहज येते आणि जाते. तिच्या शेजारी 'मलिकंबरी' हा शब्द आणि 'शिवभारता'तील सिद्दी हिलालचा प्रसंग ठेवला, तर विद्यार्थ्याला शत्रुत्व आणि वर्णद्वेष यांतील अंतर दाखविता येईल. उत्तर कानडा जिल्ह्यातील यल्लापूर, हळियाळ या भागांत कोकणी बोलणारा सिद्दी समाज आजही आहे; 2003 मध्ये त्याला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मराठीच्या सीमेवर नांदणारा हा समाज दंतकथेतील पात्र नाही. ज्या भाषेने एका आफ्रिकी माणसाच्या नावाचे विशेषण केले, त्या भाषेच्या अभ्यासकांनी बखरीबरोबरच दप्तरही वाङ्मयाचे साधन मानून वाचले पाहिजे.