फोटोत ती, बातमीत तो

गैरसमज : पेणचे गणपती पुरुष मूर्तिकार घडवतात, बायका नुसता हातभार लावतात.

वस्तुस्थिती : पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत मूर्ती साच्यातून निघाली की ती घासणं, रंगवणं, मुकुटावर खडे चिकटवणं यांतलं कितीतरी काम बायकांच्या हातचं असतं. गिऱ्हाईक मूर्तीवर भाळतं ते याच कामामुळे. गणपतीच्या आधी बातमी येते तेव्हा फोटोत ब्रश धरलेली बाई असते, पण बातमीत बोलतो बहुधा मालक. तिचं नावसुद्धा छापून येत नाही. पेणच्या पापड-मिरगुंडांचंही तेच. भर उन्हाळ्यात लाटून, वाळवून केलेलं काम ‘फावल्या वेळचा उद्योग’ ठरतं. हे पेणपुरतं नाही. जगभरच्या बातम्या तपासणाऱ्या ‘ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट’ला १९९५ साली बातम्यांतल्या माणसांत १७ टक्के स्त्रिया आढळल्या, २०२० साली २५ टक्के. पंचवीस वर्षांत एवढीच मजल!

गैरसमज : मालिकेत घरातलं आहे तेच दाखवतात.

वस्तुस्थिती : अर्धंच दाखवतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. मालिका हे काम सुनेचा त्याग म्हणून सजवते. ते वाटून घेता येतं हे क्वचितच सांगते. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत कामाला जाऊन घरी परत चूल सांभाळणारी बाई नायिका म्हणून कितीदा दिसली?

गैरसमज : अश्लील नसेल तर तक्रार करता येत नाही, केली तरी कोणी ऐकत नाही.

वस्तुस्थिती : १९८६ चा कायदा स्त्रियांच्या असभ्य चित्रणापुरता आहे, हे खरं. पण जाहिरात मानक परिषदेने जून २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबंद, अपायकारक चित्रणाविरुद्ध सूचना काढल्या आणि तिथे कुणालाही तक्रार करता येते. वाहिनीवरचा कार्यक्रम खटकला तर २०२१ च्या केबल नियमांप्रमाणे आधी वाहिनीकडेच लिहायचं. तिने पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा असतो. नाही पटला तर वरच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. तारीख, वेळ आणि नेमकं दृश्य लिहून ठेवा, मोघम तक्रार टिकत नाही.

गावातला वार्ताहर तर हाकेच्या अंतरावर असतो. तो कारखान्यात आला की मालकाने म्हणावं, ‘रंगकामाचं ताईंनाच विचारा, आणि त्यांचं नाव पूर्ण लिहा.’