सुकाणूची ढील : आधी जागा शोधा, मग पैसे खर्चा

कोकण किनाऱ्यावर छोट्या होडीला शीड आणि मागच्या फळीवर आउटबोर्ड यंत्र अशी दुहेरी सोय ठेवणारे धंदेवाले आता थोडे उरले आहेत, पण आहेत. वारा असला की इंधन वाचते, वारा पडला की यंत्र घरी आणते. अशा होडीला वळवण्याच्या जागाही दोन : एक सुकाणू, दुसरा यंत्राचा दांडा. दोन्हींत हळूहळू ढील येते. फिटर मंडळी तिला 'प्ले' म्हणतात. हात दोन-चार बोटे रिकामा फिरतो आणि मग कुठे होडी वळते.

खुल्या समुद्रात हे चालून जाते. रत्नागिरीच्या भाट्ये खाडीच्या तोंडाशी मात्र वाळू साचून वाट अरुंद होते. मागून लाट उचलते तेव्हा होडी क्षणात दांड्याच्या हुकमात हवी. ती आडवी झाली की यंत्र, जाळी आणि माणसे सारेच पाण्यात.

ढील एका ठिकाणी नसते, ती जोडाजोडाने साठत जाते. दांडा सुकाणूच्या डोक्यावर १० सेंटीमीटरच्या पकडीत बसतो असे समजा. त्या पकडीत १ मिलिमीटर फट पडली, तर १ मीटर लांब दांड्याच्या टोकाला ती सुमारे १ सेंटीमीटर होते. म्हणून आमचा आग्रह असा की, नवे सुकाणू बनवायला टाकण्यापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढून तपासा. एकाने सुकाणूचे पाते घट्ट धरावे, दुसऱ्याने दांडा हलवावा. प्रत्येक जोडावर बोट ठेवले की कोणता हलतो ते बोटालाच कळते. बहुतेक वेळा दोष दांड्याच्या बोल्टच्या लंबगोल झालेल्या भोकात किंवा सुकाणू ज्या खुंटांवर फिरते त्यांच्या बुशात सापडतो. म्हणजे सगळ्यांत स्वस्त तुकड्यात!

लाकडातले भोक मोठे झाले म्हणून नुसता जाडा बोल्ट घालणे हा अर्धा इलाज. लाकूड पूर्ण वाळवून भोक इपॉक्सीने भरावे, कडक झाल्यावर मापात पुन्हा पाडावे. बुश नायलॉनचा असेल तर लक्षात ठेवा, नायलॉन पाणी पिऊन फुगतो. कोरडा असताना अगदी तंग बसवलेला बुश पाण्यात सुकाणू आवळून धरतो. डेलरिनला हा त्रास फारच कमी. दांड्याच्या बोल्टला नायलॉक नट लावावा, पण दांडा वरखाली सहज उचलता येईल इतकाच आवळावा.

आता यंत्राकडे वळू. आधी फळीवरचे क्लॅम्पचे स्क्रू पाहा. धक्क्यांनी ते सैल होतात आणि आख्खे यंत्रच डोलते. मग यंत्र ज्या उभ्या नळीत फिरते तिच्या ग्रीस निपलमधून जुने, खारट ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. एवढे करूनही खडखड राहिली तर आतले बुश किंवा यंत्राचे रबरी माउंट गेले आहेत. तिथे ॲल्युमिनियमच्या भागाला टेकेल असा पितळी बुश घालू नये. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. कंपनीच्या मापाचाच बुश घ्यावा.

बाजारात एक सोपी युक्ती सर्रास चालते. यंत्राचा वळण जड करणारा स्क्रू पिळून टाकायचा, की दांडा घट्ट वाटतो. पण झिजलेला बुश झिजलेलाच राहतो, फट जागच्या जागी असते आणि ऐन लाटेत यंत्र चटकन फिरत नाही. तो स्क्रू हात थकू नये म्हणून आहे.

होडी सतत एकाच बाजूला ओढत असेल तर ती ढील नव्हे. पंख्याच्या वर असलेली छोटी पाती सैल करून तिचे मागचे टोक होडी ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला किंचित सरकवावे. पाती जस्ताची असल्यास तिला रंग लावू नये.

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ही कामे उरकावीत. हंगामाच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सर्व नट एकदा पुन्हा पाहावेत, कारण नवा बुश बसताना थोडी जागा देतोच.