सत्तर टक्के सूट, पण कशावर?

वसई रोड स्टेशनातून बाहेर पडून अंबाडी रोडला लागा, नालासोपाऱ्यात आचोळे रोडने चाला किंवा विरारला पश्चिमेच्या गल्ल्या फिरा. सेलची पाटी नसलेला आठवडा सापडणं कठीण. पावसाळ्यात मान्सून सेल, मग गणपती, दसरा-दिवाळी, आणि वसई म्हटल्यावर नाताळ आलाच. त्यानंतर ‘स्टॉक क्लिअरन्स’. मधल्या रिकाम्या दिवसांत कुणी एखादा हॉल भाड्याने घेतो आणि ‘कारखाना बंद झाल्यामुळे फक्त तीन दिवस’ असा फलक लावतो. फलकावर ‘७०%’ हा आकडा दोन फुटी लाल, आणि त्याच्या डोक्यावर मुंगीएवढं ‘अपटू’. संध्याकाळच्या विरार फास्टमधून घामाघूम उतरलेल्या माणसाला त्यातलं नेमकं काय दिसतं, ते सांगायला नको.

दुकानात शिरल्यावर विचारायचा खरा प्रश्न एकच आहे. सत्तर टक्के कशातून वजा झाले?

बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘एमआरपीवर’. इथेच मेख आहे. कमाल किरकोळ किंमत ही आपल्याकडे ग्राहकाच्या संरक्षणासाठी आली. पूर्वी पाकिटावर किंमत आणि शेजारी ‘स्थानिक कर वेगळे’ एवढंच छापलेलं असे, आणि त्या करांच्या नावाखाली दुकानदार मनाला येईल ती रक्कम मागत. म्हणून १९९० मध्ये केंद्राने नियम बदलून सर्व करांसह कमाल किंमत छापणं सक्तीचं केलं. आज हा नियम २००९ चा वैध मापन कायदा आणि २०११ चे वेष्टनबंद वस्तूंचे नियम यांत आहे. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणं गुन्हा ठरतो.

पण ही किंमत ठरवतो कोण? उत्पादक. औषधांसारखे काही अपवाद सोडले तर ती किती असावी यावर सरकारचं बंधन नाही. चारशे रुपयांत तयार झालेल्या शर्टाला १,९९९ रुपयांचा टॅग लावायला कायद्याने कुणी अडवत नाही, फक्त तो १,९९९ च्या वर विकायचा नाही. मग तो ९९९ ला विकला की फलकावर ‘५०% सूट’ लिहिता येते. तो शर्ट कधी कुणी १,९९९ ला विकत घेतला होता का, हे विचारण्याची सोय या सगळ्या व्यवस्थेत नाही. ग्राहकाला जास्त दर लागू नये म्हणून घातलेलं छप्पर विक्रेत्याला शिडी म्हणून वापरता आलं, असं माझं मत आहे.

टॅगवर नंतर चिकटवलेले स्टिकर अनेकांनी पाहिले असतील. त्याबद्दल नियम स्पष्ट आहे: किंमत कमी करण्यासाठी स्टिकर चालतो, तोही मूळ छापील किंमत झाकली जाणार नाही अशा जागी. वाढवण्यासाठी किंवा जुना आकडा लपवण्यासाठी लावलेला स्टिकर बेकायदा. तेव्हा टॅगवर स्टिकर दिसला की नखाने कोपरा उचलून बघायला लाजू नये.

खोडलेला आकडा आपल्यावर एवढा परिणाम का करतो, हे आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं आणि मग विचारलं की संयुक्त राष्ट्रांतल्या देशांपैकी आफ्रिकी देश किती टक्के असतील. चक्र १० वर थांबलेलं पाहणाऱ्यांचा अंदाज २५ च्या आसपास आला, ६५ वर थांबलेलं पाहणाऱ्यांचा ४५ च्या. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नव्हता. दुकानातला खोडलेला १,९९९ हेच काम करतो. तो खोटा असू शकतो हे ठाऊक असूनही ९९९ स्वस्त वाटू लागतात.

आणि यात सगळा दोष दुकानदाराच्या पदरात टाकणं बरोबर नाही. अमेरिकेतल्या जेसी पेनी या जुन्या दुकान-साखळीने २०१२ मध्ये सेल आणि कूपनं बंद करून थेट रास्त भाव लावले. त्या वर्षी विक्री सुमारे चौथाईने घसरली, आणि हा बदल करणारे प्रमुख रॉन जॉन्सन २०१३ च्या एप्रिलमध्ये घरी गेले. स्टेशन रोडवर गाळ्याचं भाडं भरून बसलेल्या छोट्या दुकानदाराची अडचण तीच आहे. शेजारच्या शोरूमवर ‘फ्लॅट ५०’ लागलं की सरळ भावाने विकणारा महागडा दिसतो. शिवाय सगळेच सेल खोटे नसतात. हंगाम संपलेला, साइज तुटलेला माल पडून राहिला तर त्यात पैसा अडकतो. तो काढायला दुकानदार खरोखर भाव पाडतो. अशा मालात मोजकेच नग, मोजकेच रंग उरलेले असतात. उलट ज्या ‘क्लिअरन्स’मध्ये सगळ्या साइज, सगळे रंग, नव्या कोऱ्या घड्या, तिथे क्लिअर काय होतंय ते समजून घ्यावं.

कुणी म्हणेल, आपल्या बाजारात घासाघीस जुनीच आहे. पापडीच्या आठवडी बाजारातही सहाशे सांगून तीनशेला देतात. खरं आहे. पण तिथे सहाशे ही बोलीची सुरुवात आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. त्यात फसवणूक नाही, खेळ आहे. छापलेला टॅग मात्र आपण वस्तुस्थिती आहोत असा आव आणतो.

थोडं गणित. ‘५०% + २०%’ म्हणजे सत्तर नव्हे. हजाराचे आधी पाचशे, मग पाचशेचे वीस टक्के म्हणजे शंभर, एकूण सूट साठ टक्के. ‘दोनावर एक फ्री’ म्हणजे तेहतीस टक्के, आणि तेही तिन्ही नग एकाच किमतीचे असतील तर. फुकट मिळतो तो नेहमी सर्वांत स्वस्त नग. शिवाय एकच हवा असताना तीन घेतलेले असतात. तीन हजारांच्या खरेदीवर तीन हजारांची कूपनं मिळाली, तर त्यांवरची बारीक अक्षरं वाचावीत: एका वेळी किती वापरता येतील, किती रकमेच्या खरेदीवर, कोणत्या तारखेपर्यंत. सराफाकडची ‘घडणावळीवर ५०% सूट’ याच जातीची. घडणावळीचा मूळ दर दुकानच ठरवतं. तिथे टक्के विसरून दोन दुकानांतून एकाच वजनाच्या दागिन्याची अंतिम रक्कम लिहून घ्यावी. हप्त्यांवरच्या ‘शून्य टक्के व्याजा’बद्दल तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की असं काही नसतं, व्याज प्रक्रिया शुल्कात दडवलेलं असतं.

बिलाच्या टोकाला आणखी एक खोच असते. फलकावर ‘४०% सूट’, आणि काउंटरवर ‘ताई, टॅक्स वेगळा’. या प्रश्नावर वूडलँड ब्रँडच्या एरो क्लब या कंपनीविरुद्धचं प्रकरण थेट राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेलं. जॅकेटची छापील किंमत ३,९९५ रुपये. चाळीस टक्के वजा करून २,३९७ व्हायला हवे होते, ग्राहकाकडून घेतले २,५१६ रुपये ८५ पैसे. वरचे ११९ रुपये ८५ पैसे व्हॅटचे. जानेवारी २०१७ मध्ये आयोगाने सांगितलं की छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात, त्यामुळे तिच्यावर सूट जाहीर करून वर पुन्हा कर लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. व्हॅट गेला, जीएसटी आला. छापील किंमत आजही सर्व करांसहच असते.

मग फुगवलेल्या छापील किमतीचं काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सवलतीच्या दराची व्याख्या आहे. वस्तू साधारणपणे ज्या दराने विकली जाते त्याच्या तुलनेत कमी असलेला तो सवलतीचा दर, आणि तो द्यायचा इरादाच नसताना तशी जाहिरात करणं ही अनुचित प्रथा. लेबल, वेष्टन, बिल हेही या कायद्याने ‘जाहिराती’तच धरले आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. तरतूद बरी आहे. पण ‘साधारणपणे’ म्हणजे कधीचा दर, किती दिवसांचा, हे तिथे लिहिलेलं नाही, आणि सिद्ध करताना ग्राहक तिथेच अडतो.

युरोपीय संघाने ही अडचण एका वाक्यात सोडवली. २८ मे २०२२ पासून तिथे सूट जाहीर करताना आधीच्या किमान तीस दिवसांतला सर्वांत कमी दर सांगावा लागतो. जर्मनीतल्या आल्डी झ्युड या साखळीने तो दर बारीक अक्षरांत छापला आणि टक्के मात्र वेगळ्या, चढ्या दरावरून काढले. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं की टक्केही त्या सर्वांत कमी दरावरूनच काढले पाहिजेत. आपल्याकडे असा नियम नाही, आणि तो यायला हवा. ग्राहक पंचायतीसारखी, सत्तरच्या दशकापासून रुजलेली चळवळ ज्या राज्यात आहे, त्या महाराष्ट्रातून ही मागणी जोरात व्हायला हरकत नाही.

तोवर दुकानात शिरताना एवढं करा. टॅगवरचा खोडलेला आकडा अंगठ्याने झाका आणि उरलेल्या रकमेला ही वस्तू हवी आहे का ते ठरवा. ब्रँडचा माल असेल तर तोच मॉडेल क्रमांक फोनवर दुसरीकडे पाहा. फलकाचा फोटो काढा, अटींसकट. पक्कं बिल घ्या. बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत तो परत घेणं दुकानाला बंधनकारक आहे. तीन दिवसांच्या हॉलमधल्या सेलमध्ये मोठी खरेदी शक्यतो करूच नका, कारण चौथ्या दिवशी परत न्यायला तिथे कुणी नसतं.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे भागलं नाही तर खरेदीच्या वादापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दुकान दादरला असलं आणि तुम्ही विरारला राहत असलात, तरी तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. ती ऑनलाइन दाखल होते, वकील सक्तीचा नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.